माजी सैनिकांचे नागरी सेवेतील पुनर्वसन : आरक्षण, अनुभवाची ओळख आणि महाविद्यालयांची भूमिका

गोषवारा

भारतीय सशस्त्र दलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार सैनिक निवृत्त होतात. त्यांपैकी बहुसंख्य सैनिक निवृत्तीच्या वेळी ३५ ते ४५ या वयोगटात असतात. त्यांच्या नागरी नोकरीसाठी केंद्र व राज्य शासनांनी आरक्षण, वयोमर्यादेत सवलत आणि प्रशिक्षण अशा तरतुदी केल्या आहेत. तरीही आरक्षित जागा मोठ्या प्रमाणात रिक्त राहतात आणि अनेक कुशल सैनिक सुरक्षारक्षकाच्या कामापुरते मर्यादित राहतात. लष्करी अनुभवाची नागरी परिभाषेत ओळख न पटणे हे यामागील एक प्रमुख कारण आहे. प्रस्तुत लेखात या कारणाचे विवेचन केले असून नियुक्तीनंतरच्या साहाय्याचा व महाविद्यालयांच्या जबाबदारीचा विचार केला आहे.

बीजशब्द : माजी सैनिक, पुनर्वसन, समांतर आरक्षण, अनुभवाचे समीकरण, अग्निवीर.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राला सैनिकी परंपरा आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतील अनेक गावांत घरटी एक माणूस सैन्यात असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. सैनिकाच्या शौर्याविषयी समाजात आदर आहे. मात्र गणवेश उतरवून गावी परतलेल्या सैनिकाच्या पुढील वीस-पंचवीस वर्षांचा विचार त्या मानाने कमी झाला आहे.

सैन्य तरुण राहावे या हेतूने जवानांना लवकर निवृत्त केले जाते. साधारणतः पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क प्राप्त होतो. विसाव्या वर्षाच्या आत भरती झालेला तरुण चाळिशीच्या आसपास नागरी जीवनात परततो. इतर क्षेत्रांतील माणूस या वयात आपल्या कारकिर्दीच्या मध्यावर असतो. याच काळात मुलांचे शिक्षण, घरबांधणी व वृद्ध आईवडिलांची देखभाल या जबाबदाऱ्या एकत्र येतात. म्हणून सैनिकाची निवृत्ती म्हणजे विश्रांतीचा आरंभ नसून दुसऱ्या नोकरीचा शोध असतो.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

सैनिकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न भारतात दोन महायुद्धांनंतर तीव्रतेने पुढे आला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, जखमी व अपंग सैनिकांना व्यवसाय शिकवण्यासाठी मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. पुढे ही संस्था पुण्यातील खडकी येथे स्थलांतरित झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मुक्त होणाऱ्या लक्षावधी जवानांना काम मिळवून देण्यासाठी जुलै १९४५ मध्ये श्रम विभागाच्या अखत्यारीत पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन करण्यात आले. त्यातूनच देशातील सेवायोजन कार्यालये उभी राहिली. फाळणीनंतर विस्थापितांसाठी आणि १९४८ च्या प्रारंभी सर्वच नोकरीइच्छुकांसाठी ती खुली झाली. ज्या कार्यालयांत सुशिक्षित बेरोजगारांच्या पिढ्यांनी नावे नोंदवली, त्या यंत्रणेचा जन्म निवृत्त सैनिकांच्या गरजेतून झाला, ही बाब आज सहसा ध्यानात घेतली जात नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्रीय सैनिक मंडळ, राज्य सैनिक मंडळे व जिल्हा पातळीवरील सैनिक कल्याण कार्यालये अशी साखळी निर्माण झाली. संरक्षण मंत्रालयात २००४ मध्ये माजी सैनिक कल्याण विभाग स्वतंत्रपणे स्थापन झाला. निवृत्तीपूर्व प्रशिक्षण व रोजगारसाहाय्य हे त्याच्या अखत्यारीतील पुनर्वसन महासंचालनालयाचे काम आहे. महाराष्ट्रात पुणे येथील सैनिक कल्याण विभाग हे काम पाहतो.

३. विद्यमान तरतुदी

केंद्र शासनाच्या सेवेत गट ‘क’ मधील थेट भरतीच्या १० टक्के आणि गट ‘ड’ मधील २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव आहेत. सार्वजनिक उपक्रम व राष्ट्रीयीकृत बँकांत हे प्रमाण अनुक्रमे साडेचौदा व साडेचोवीस टक्के असून, त्यांतील साडेचार टक्के जागा युद्धात अपंगत्व आलेले सैनिक व हुतात्म्यांचे अवलंबित यांच्यासाठी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या गट ‘क’ व गट ‘ड’ पदांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर आरक्षण सामाजिक प्रवर्गांना छेदून जाते. म्हणजेच माजी सैनिक ज्या सामाजिक प्रवर्गातील असेल, त्या प्रवर्गाच्या जागेवर त्याची गणना होते.

केंद्राच्या १९७९ च्या पुनर्नियुक्ती नियमांतील दोन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली वयाविषयीची आहे. उमेदवाराच्या प्रत्यक्ष वयातून सैनिकी सेवेचा कालावधी वजा केला जातो आणि उरलेले वय विहित मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून अधिक नसल्यास तो पात्र ठरतो. वीस वर्षे सेवा केलेला चाळीस वर्षांचा सैनिक या गणनेत वीस वर्षांचा धरला जातो. दुसरी तरतूद शिक्षणाविषयीची आहे. शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन किमान पंधरा वर्षे सेवा केलेला सैनिक, तांत्रिक स्वरूपाचा अनुभव आवश्यक नसलेल्या गट ‘क’ मधील आरक्षित पदासाठी, पदवीची अट असली तरी विचारात घेतला जाऊ शकतो. दीर्घ सेवा हेदेखील एक प्रकारचे शिक्षण आहे, हे तत्त्व या नियमात मान्य झालेले दिसते.

४. आरक्षण आणि वस्तुस्थिती

या तरतुदी असूनही प्रत्यक्ष चित्र समाधानकारक नाही. ३० जून २०२१ अखेर माहिती उपलब्ध झालेल्या केंद्रीय विभागांत गट ‘क’ मधील १०,८४,७०५ कर्मचाऱ्यांपैकी १३,९७६, म्हणजे १.२९ टक्के, माजी सैनिक होते. गट ‘ड’ मधील ३,२५,२६५ कर्मचाऱ्यांत त्यांची संख्या ८,६४२, म्हणजे २.६६ टक्के होती. आरक्षणाची टक्केवारी नव्या भरतीसाठी व येथील टक्केवारी एकूण संख्याबळाशी निगडित असल्याने दोन्हींची थेट तुलना करता येत नाही. तरीही दशकानुदशके आरक्षण लागू असताना हे अंतर उपेक्षणीय मानता येणार नाही.

या तुटीची कारणे अनेक आहेत. भरतीच्या जाहिराती दूरच्या छावणीत सेवा करणाऱ्या जवानापर्यंत वेळेवर पोहोचत नाहीत. पात्र उमेदवार न मिळाल्यास आरक्षित जागा इतर उमेदवारांतून भरल्या जातात. वीस वर्षांपूर्वी पाठ्यपुस्तक मिटलेल्या माणसाला अंकगणित व सामान्यज्ञानाच्या स्पर्धा परीक्षेत ताज्या पदवीधरांच्या बरोबरीने बसावे लागते. तथापि या सर्वांहून मूलभूत कारण वेगळे आहे. सैनिकाने केलेले काम नेमके कोणते, हे नागरी नियोक्त्याला उमगत नाही.

५. अनुभवाच्या ओळखीचा प्रश्न

हा प्रश्न मुळात भाषेचा आहे आणि मराठी कार्यालयीन परिभाषेत तो अधिक ठळकपणे दिसतो. ‘शिपाई’, ‘नाईक’ व ‘हवालदार’ ही सैन्यातील पदनामे आहेत. शासकीय कार्यालयांत मात्र हेच शब्द चतुर्थ श्रेणीतील पदांसाठी रूढ आहेत. पलटणीतील शिपाई शस्त्रसज्ज सैनिक असतो, तर कार्यालयातील शिपाई टपाल व फायली पोहोचवतो. त्यामुळे ‘हवालदार पदावरून निवृत्त’ एवढाच उल्लेख असलेला अर्ज वाचणाऱ्याच्या मनात नकळत कनिष्ठ पदाचे चित्र उभे राहते.

कंपनी क्वार्टरमास्टर हवालदाराचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शंभरावर जवानांच्या कंपनीचे कपडे, शिधा व इतर साहित्य यांचा साठा त्याच्या ताब्यात असतो. मागणीपत्रे तयार करणे, आलेला माल मोजून घेणे, नोंदवह्या अद्ययावत ठेवणे, तूट आढळल्यास हिशेब देणे आणि तपासणीला सामोरे जाणे ही त्याची नित्याची कामे होत. नागरी भाषेत हे भांडारपालाचे व साठा-व्यवस्थापनाचे काम आहे. परंतु अर्जात केवळ हुद्दा लिहिला आणि वाचणाऱ्यानेही केवळ हुद्दाच वाचला, तर हे सर्व कौशल्य अदृश्य राहते. इलेक्ट्रॉनिक्स व यांत्रिकी अभियंता दलातील वाहन-यांत्रिक, सिग्नल दलातील ऑपरेटर, वैद्यकीय दलातील परिचर्या साहाय्यक किंवा अभियंता दलातील नकाशा-आरेखक यांच्याबाबतीतही हेच घडते.

सैन्यातील व्यवसाय व नागरी व्यवसाय यांचे समीकरण दर्शवणाऱ्या मार्गदर्शक याद्या शासनाने प्रसिद्ध केल्या आहेत. भरतीच्या धावपळीत निवड समितीच्या टेबलावर त्या क्वचितच असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवताना व्यवसायाची नोंद होते, पण ती नोंद नियोक्त्याच्या गरजेशी जुळवून पाहण्याचे काम कोणाचे, हे स्पष्ट नसते. परिणामी नियोक्ता एका ठळक गुणावर विसंबतो. सैनिक म्हणजे शिस्त, शिस्त म्हणजे पहारा, असे सोपे समीकरण मांडले जाते. सुरक्षा सेवा हे निवृत्त सैनिकांचे मोठे रोजगारक्षेत्र ठरले आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. पहाऱ्याचे काम सन्माननीयच आहे. परंतु निपुण यांत्रिकाला किंवा भांडारपालाला प्रवेशद्वारावर वीस वर्षे उभे करणे ही त्याचीच नव्हे, तर संस्थेचीही हानी आहे.

ही ओळख पटवण्याची जबाबदारी दुहेरी आहे. सैनिकाने आपल्या डिस्चार्ज बुकातील नोंदी, केलेले अभ्यासक्रम व हाताळलेली यंत्रे सामान्य वाचकाला कळतील अशा शब्दांत मांडावयास हवीत. संक्षिप्त लष्करी संज्ञा टाळून किती माणसांचे नेतृत्व केले, कोणत्या साहित्याचा हिशेब ठेवला, कोणाला प्रशिक्षण दिले, हे लिहिल्यास अर्ज बोलका होतो. नियोक्त्यानेही मुलाखतीत युद्धकथा विचारण्याऐवजी दैनंदिन कामाविषयी प्रश्न विचारणे उचित ठरेल. ‘सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपण काय करत होता?’ हा साधा प्रश्न हुद्द्याविषयीच्या अनेक प्रश्नांपेक्षा अधिक माहिती देतो.

६. नियुक्तीनंतरचे पहिले वर्ष

नियुक्तीपत्र हाती पडले म्हणजे पुनर्वसन पूर्ण झाले, असा समज सार्वत्रिक आहे. वास्तविक कठीण काळ त्यानंतर सुरू होतो. सैन्यात आदेशाची रेषा एकच असते. कोणाचा आदेश पाळावयाचा आणि अहवाल कोणाला द्यावयाचा, याविषयी संदिग्धता नसते. महाविद्यालयासारख्या संस्थेत प्राचार्य, विभागप्रमुख, कार्यालयीन अधीक्षक व संस्थाचालक अशा अनेक दिशांनी सूचना येतात. त्या कधी परस्परविरोधीही असतात. अशा वेळी माजी सैनिक गोंधळतो किंवा स्पष्टपणे बोलतो. मग त्याचा स्पष्टपणा उद्धटपणा म्हणून आणि त्याचे मौन अलिप्तपणा म्हणून नोंदवले जाते.

दुसरी अडचण कार्यालयीन भाषेची आहे. पंधरा-वीस वर्षे हिंदी व इंग्रजीत व्यवहार केलेल्या जवानाला राज्यातील कार्यालयांत टिपणी, मसुदा, शासन निर्णय व पत्रव्यवहार मराठीतून हाताळावा लागतो. मातृभाषा मराठी असली तरी ही मराठी त्याच्या घरची नसते. त्यात संगणकावरील मराठी टंकलेखनाची भर पडते. या बाबींचे काही आठवड्यांचे प्रशिक्षण मिळाल्यास अडचण दूर होते, अन्यथा ती अकार्यक्षमता म्हणून कायमची चिकटते.

तिसरी अडचण सहकाऱ्यांच्या दृष्टिकोनाची आहे. ‘यांना पेन्शन आहेच, मग नोकरी कशाला?’ हा प्रश्न कधी उघडपणे, तर कधी आडून विचारला जातो. निवृत्तिवेतन ही शासनाची मेहेरबानी नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा खटल्यात १९८२ मध्ये स्पष्ट केले आहे. केंद्रीय नागरी सेवेत पुनर्नियुक्तीच्या वेळी वेतननिश्चिती करताना अधिकारी हुद्द्याखालील सैनिकांचे लष्करी निवृत्तिवेतन विचारात घेतले जात नाही, यामागेही हेच तत्त्व आहे.

या अडचणींवरील उपाय खर्चिक नाहीत. नियुक्तीच्या दिवशीच लेखी कर्तव्यसूची द्यावी. अहवाल कोणाला द्यावयाचा तो एकच अधिकारी निश्चित करावा. सैन्यात नवागताला ‘बडी’, म्हणजे जोडीदार, देण्याची पद्धत आहे. त्याच धर्तीवर अनुभवी सहकाऱ्याची पहिल्या सहा महिन्यांसाठी नेमणूक करावी. तीन, सहा व बारा महिन्यांनी कामाचा आढावा घेऊन त्याच्या पूर्वानुभवास अनुरूप काम देता येते का, हे तपासावे. माजी सैनिक आरोग्य योजनेच्या रुग्णालयात जाण्यासाठी लागणाऱ्या रजेबाबतही समजूतदार धोरण असावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माजी सैनिकाकडे केवळ युद्धाने मनावर आघात झालेली व्यक्ती म्हणून पाहणे अन्यायकारक आहे. बहुसंख्य सैनिक निरोगी व स्थिर मनाचे असतात. त्यांना दया नको असते. आवश्यक असते ती कामाची स्पष्टता. काहींना मानसिक साहाय्याची गरज भासते, तेव्हा ते गोपनीय व सन्मानपूर्वक मिळाले पाहिजे. हा नियम इतर कर्मचाऱ्यांनाही तितकाच लागू आहे.

७. दिव्यांग सैनिक

युद्धात वा सेवेत अपंगत्व आलेल्या सैनिकांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गंभीर जखमी झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत जलतरणात त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले आणि पुढे पुण्यातील टेल्को कंपनीत नोकरी केली. पदकाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. मात्र जखमी सैनिकाच्या आयुष्यात नियमित नोकरीचे स्थान पदकाइतकेच महत्त्वाचे असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय आस्थापनांत किमान चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी पुरवणे अपेक्षित आहे. उतरंड, सोयीचे प्रसाधनगृह, तळमजल्यावरील कामाची जागा यांसाठी मोठ्या निधीपेक्षा इच्छाशक्तीची गरज अधिक आहे. या सोयींचा लाभ दिव्यांग विद्यार्थ्यांनाही होतो.

८. अग्निवीर आणि महाविद्यालये

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेमुळे या प्रश्नाला नवे परिमाण लाभले आहे. घोषणेनुसार या योजनेत साडेसतरा ते एकवीस वर्षे वयाच्या तरुणांची चार वर्षांसाठी भरती ठरली होती. पहिल्या वर्षी कमाल वय तेवीस होते. घोषणेच्या वेळच्या तरतुदीनुसार प्रत्येक तुकडीतील कमाल २५ टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेतले जाते. उर्वरितांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी व कौशल्य प्रमाणपत्र मिळते, परंतु निवृत्तिवेतन व माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या प्रारंभी प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस व २०२७ च्या प्रारंभी पूर्ण होतात.

आतापर्यंतचा माजी सैनिक चाळिशीचा, निवृत्तिवेतनधारक व कुटुंबवत्सल होता. अग्निवीर बावीस ते पंचवीस वर्षांचा असेल आणि त्याचे बरोबरीचे मित्र पदवी घेऊन बाहेर पडलेले असतील. म्हणून नागरी जीवनात तो ज्या संस्थांकडे प्रथम वळेल, त्यांत महाविद्यालयाचा समावेश असेल. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी कौशल्याधिष्ठित पदवी जाहीर केली असून त्यातील निम्मे श्रेयांक सैनिकी प्रशिक्षणातून मिळणार आहेत. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानेही अनुभवजन्य शिक्षणाला श्रेयांक देण्याचा मार्ग खुला केला आहे.

या संदर्भात अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे २२ जून १९४४ रोजी संमत झालेल्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च शासनाने उचलला. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण वा प्रशिक्षण घेतले, त्यांपैकी सुमारे २२ लाख महाविद्यालयांत शिकले. या लोंढ्याने उच्च शिक्षणाचा दर्जा खालावेल, अशी भीती काही नामवंत शिक्षणतज्ज्ञांनी व्यक्त केली होती. ती निराधार ठरली. प्रौढ, विवाहित व ध्येयनिष्ठ असे हे विद्यार्थी अभ्यासात मागे राहिले नाहीत. लष्करी प्रशिक्षणाचे मूल्यमापन करून त्याला महाविद्यालयीन श्रेयांक सुचवण्याची व्यवस्थाही तेथे याच काळात उभी राहिली. भारतातील परिस्थिती व साधनसामग्री भिन्न आहे. मात्र पूर्वानुभवाला शैक्षणिक मोल देणारी यंत्रणा माणसे परतण्यापूर्वी उभी असावी लागते, हा बोध येथेही लागू पडतो.

महाविद्यालयांना तातडीने करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क ठेवणारा एक प्राध्यापक समन्वयक म्हणून नेमावा. राष्ट्रीय छात्रसेनेचा अधिकारी या कामासाठी योग्य ठरेल. प्रवेश समितीने सैनिकी प्रमाणपत्रांची समकक्षता तपासण्याची पद्धत निश्चित करावी. भाषा विभागांनी कार्यालयीन मराठीचे व अर्जलेखनाचे अल्पमुदतीचे वर्ग घ्यावेत. शिक्षकेतर पदांची भरती करताना भांडार, प्रयोगशाळा, वसतिगृह, विद्युत देखभाल व क्रीडा विभाग यांसाठी माजी सैनिकांच्या अर्जांचा त्यांच्या व्यवसायानुसार विचार व्हावा.

९. निष्कर्ष

माजी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी कायदे व नियम यांची उणीव नाही. आरक्षणाने कार्यालयाचे दार उघडते. परंतु आत आलेल्या माणसाला काय येते, हे जाणून घेण्याचे काम नियम करू शकत नाहीत. ते निवड समितीच्या सदस्यांना, कार्यालयप्रमुखांना व सहकाऱ्यांना करावे लागते. सैनिकाच्या हुद्द्यामागील काम वाचता येणे, ते नागरी भाषेत मांडण्यास त्याला साहाय्य करणे आणि पहिल्या वर्षात त्याला स्पष्ट जबाबदारी देणे, या तीन गोष्टींवर पुनर्वसनाचे यशापयश अवलंबून आहे. अग्निवीरांच्या आगमनामुळे हे काम आता महाविद्यालयांच्या दारी येत आहे. पूर्वज्ञानाचे मूल्यमापन हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्या प्राध्यापकवर्गाकडून या कामात पुढाकाराची अपेक्षा करणे अवाजवी ठरणार नाही.